चूक पोरींची, जोर लिनयाओचे

(लान्चौजवळच्या तालुक्यातली शाळा. मुलींचं उन्हाळी नेतृत्व शिबिर. हॉलच्या दाराशी पाण्याचा नळ. शू वान या गटाची ताई, गंग सर शिबिराचे प्रशिक्षक.)

शू वान : नान, इकडे बघ. ओळीत उभं राहून आकडे मोजायचे, एवढंच तर काम आहे. तू पाचवी. चार झाले की पाच म्हणायचं. दर फेरीला तूच कशी चुकतेस?

नान : घाबरते मी, ताई.

शू वान : खोटं बोलू नकोस. तू चुकलीस की गटप्रमुख म्हणून लिनयाओला जोर काढावे लागतात. दर चुकीला दुप्पट. तोंडावर आपटली ती. हनुवटी फुटलीय, फरशीवर रक्त सांडलंय. दिसत नाही तुला?

नान : दिसतं की. माझ्या समोरच आहे.

शू वान : आणि काहीच वाटत नाही?

नान : वाटतं ना. बरं वाटतं.

शू वान : काय बोलतेस हे?

नान : आमच्या गटातल्या दोदोला डाव्या कानानं ऐकू येत नाही, ताई. दुपारी सगळे झोपतात ना, तेव्हा लिनयाओ आम्हाला समोरासमोर उभं करते. एकमेकींच्या थोबाडीत मारायला लावते. मी दोदोला हळू मारली. तर म्हणाली, अशी नाही, थांब, शिकवते. आणि दोदोच्याच कानाखाली मारून दाखवली. सारखी मारत सुटली. दोदो खाली पडली तर केस धरून उठवलं आणि परत. कानातून रक्त आलं. आता पू येतोय.

शू वान : अगं, मग मला नाही का सांगायचं?

नान : सांगितलं होतं. तुम्ही पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकत होता. मान वर न करताच म्हणालात, गटातलं गटातच मिटवा, यालाच नेतृत्व म्हणतात. मिटवतोय आता. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. चुकायचं मी, कारण माझा आवाज मोठा.

शू वान : हात मोडेल तिचा.

नान : मोडू दे.

गंग सर : झालं का पाणी पिऊन? चला, शेवटची फेरी. कॅमेरा चालू आहे.

शू वान : सर, बंद करा हे. लिनयाओला ओकारी झालीय.

गंग सर : होणारच. पोरी चुकतात, नेता भोगतो. मी पलटणीत असताना आमचा हवालदार माझ्यापायी असाच लोळला होता, आजही त्याचं नाव घेतो मी. बघ तू, आता सगळ्या रडत तिच्या गळ्यात पडतील. दरवर्षी पडतात.

शू वान : या नाही पडणार. ती मारते यांना. दोदोचा कान फोडलाय तिनं.

गंग सर : तुला कधी कळलं?

शू वान : आत्ता.

नान : मंगळवारी.

गंग सर : हे बघ, उद्या पालक येतायत. कानाचं मी बघतो. एवढी फेरी होऊ दे, नाहीतर सगळं शूटिंग वाया जाईल.

शू वान : दोदोला आधी दवाखान्यात पाठवा. लिनयाओलाही, पण वेगळ्या गाडीतून. आणि फेरी हवीच असेल तर तिच्या जागी मी काढते जोर.

गंग सर : डोकं फिरलंय का तुझं? तू स्वयंसेविका आहेस.

शू वान : गट माझ्या ताब्यात दिला होता ना? नान, चुकले गं मी. तू सांगायला आलीस आणि मी ऐकलंच नाही. फार वाईट वाटतंय मला.

नान : हं.

गंग सर : घ्या. कॅमेऱ्यात हेही चालेल. त्या दोघींना वेगवेगळ्या गाड्यांत बसवा रे कोणीतरी. वान, हो आडवी. पोरींनो, ओळीत. तुमची ताई तुमच्यासाठी जमिनीवर आलीय, आता तरी जरा लाज बाळगा. चुकलात तर मागच्या वेळच्या दुप्पट. मोजा.

पहिली : एक.

दुसरी : दोन.

तिसरी : तीन.

चौथी : चार.

नान : सात.