आपली तक्रार नोंदवली आहे

दादा : …पण तक्रार नोंदवलीस ना? नंबर मिळाला?

धाकटी : मिळाला. पुन्हा फोन केला, तर आणखी एक नंबर मिळाला. माणूस तेवढा मिळत नाहीये. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन सकाळपासून बंद आहे, दादा.

दादा : सिलिंडर लावलायस ना?

धाकटी : छोटा लावलाय. काटा खाली चाललाय. मी आता त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलंय.

दादा : आणि रुग्णवाहिका?

धाकटी : ती दुसऱ्या पेशंटला सोडायला गेलीय, आली की पाठवतो म्हणाले. शेजारचे काका गाडी काढत होते, पण बाबांना नुसतं उठवून बसवलं तरी जीव वरखाली होतो. एवढे जिने कसे उतरवायचे?

दादा : थांब, मी इथून मशीनच्या कंपनीच्या हेल्पलाइनला लावतो. त्यांच्या साहेबालाच बोलावतो फोनवर. अगं, इथे परदेशात माझा हीटर बंद पडला, तर त्या बाईनं माणूस दारात येईपर्यंत फोन ठेवला नाही. वर माफी मागितली.

धाकटी : मला कुणाची माफी नकोय रे. मला आपला तो मेकॅनिक हवाय.

दादा : तो? मळका शर्ट घालून आला होता तो?

धाकटी : तोच. "आलोच ताई" म्हणायचा आणि दोन तासांनी उगवायचा. पण उगवायचा. सुट्टी बघितली नाही, पाऊस बघितला नाही. एकदा तर पाहुणे जेवायला बसवून आला होता.

दादा : मग बोलाव की त्याला. वाट कसली बघतेस?

धाकटी : त्याला काढून टाकलं कंपनीनं. कुणीतरी थेट वर कळवलं म्हणे, हा असा आहे, तसा आहे.

दादा : कधी?

धाकटी : तू येऊन गेलास ना, त्याच्यानंतर लगेच.

दादा : मी लिहिलं होतं.

धाकटी : काय?

दादा : उशिरा आला, गणवेश नाही, ओळखपत्र नाही, काम झाल्यावर चहा पीत बसला. इथे सगळेच लिहितात गं. मग त्या माणसाला समज देतात, पुढच्या वेळी तो वेळेवर येतो. पोटावर पाय येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

धाकटी : तो चहा मी दिला होता. नको नको म्हणत होता, मीच हातात कप दिला.

दादा : मी बोलू का त्याच्याशी?

धाकटी : तू ठेव आता. मीच लावते. कुठल्या तोंडानं लावू, ते मला कळत नाहीये.

(ती फोन ठेवते आणि दुसरा नंबर लावते.)

मेकॅनिक : बोला ताई. बाबा बरे आहेत ना?

धाकटी : भाऊ, मशीन बंद पडलंय. तुम्ही आता तिथे नाही, माहितीय मला. पण दुसरं कुणी येईना.

मेकॅनिक : दिवा लागतोय का त्याचा?

धाकटी : काहीच नाही. आणि भाऊ, ती तक्रार… ती आमच्याच घरातून…

मेकॅनिक : माहितीय ताई. साहेबांनी मला उभं करून वाचून दाखवली होती. ते राहू द्या. मी आता पंखे दुरुस्तीच्या दुकानात असतो, लांब आहे जरा. मालकाला सांगतो आणि निघतो.

धाकटी : याल ना नक्की?

मेकॅनिक : आलोच.

⁂

दादा : अगं, किती वेळ लावतोय मी फोन! ऐक, काम झालं. पार वरपर्यंत गेलो. उद्या सकाळी त्यांचा माणूस सगळ्यात आधी आपल्याकडे. बोलायला फार चांगली होती ती मुलगी.

धाकटी : मेकॅनिक आलेत.

दादा : आले? मग?

धाकटी : आत एक वायर जळली होती. त्यांनी पिशवीतली काढून लावली. मशीन सुरू झालं.

दादा : सुटलो बाई. मी माफी मागणार आहे त्यांची. त्याआधी बाबांना दे जरा फोन.

धाकटी : नाही देता येणार.

दादा : दे ना गं. दोन शब्द बोलतो.

धाकटी : सिलिंडर संपला होता, दादा. ते यायच्या आधीच.

दादा : म्हणजे?

धाकटी : मी बाबांचा हात धरून बसले होते. शेवटी शेवटी ते दाराकडेच बघत होते. मेकॅनिक आले, त्यांनी बाबांकडे बघितलं, आणि तरी मशीन उघडून बसले. मी काही त्यांना थांबवलं नाही.

दादा : पण मला मशीनचा आवाज येतोय.

धाकटी : चालूच आहे ते. बंद करू का, असं विचारतायत. माझ्या तोंडून नाही निघत. फोन त्यांच्याकडे देते, तू सांग.