पडद्यावरचं नाव

नाही नाही, बसा मॅडम, त्या दिव्याकडे नका बघू, तो असाच लुकलुकणार — डबीत नवा प्रोग्राम उतरतोय, वेळ लागतो, तोवर चहा घ्या. फक्त हात लावू नका. मीही लावत नाही — हे बघा, खिशात घातले. सूनबाईची ताकीद आहे. डोकं तिचं, दुकान माझं. आत बसलीय ती, बोलावू का? नको, कामात असेल.

तर काय सांगत होतो — बूटलोडर. मलाही कुठे कळत होतं, मी आयुष्यभर फ्रिज विकले. दुकानात सगळ्यांच्या आधी येणारा एक माणूस असतो ना — शटर उघडतो, दिवे लावतो, मग दुकान दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला होतो? तसा तो. वीज आली की आधी तो उठतो, मग मोठ्या प्रोग्रामला उठवतो, आणि तो बसतो तुमच्या औषधांच्या फ्रिजवर पहारा करत — आतला थंडावा गेला की बोंब मारतो. आता तुमच्या हॉस्पिटलला डबी हवी स्वस्त. स्वस्त म्हणजे लहान चिप, आणि लहान चिप म्हणजे त्या पहिल्या माणसाला नुसता कोनाडा. मावेचना तो. सूनबाई कात्री घेऊनच बसली — एकच काम दोन ठिकाणी लिहिलेलं, ते एक केलं. बिघाडाचे लांबलचक निरोप काढून नुसते आकडे ठेवले. दोन ओळी छापायला कुठली तरी अगडबंब लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार प्रोग्रामांचा गठ्ठा, आणून ठेवलेली, ती हाकलली. मी म्हटलं, अगं, माहेराहून येताना सामान असं बांधलं असतंस तर एका रिक्षात आली असतीस. हसली नाही. हल्ली हसत नाही.

तरी अडलंच. दोन गोष्टी उरल्या आणि जागा एकीपुरती. एक, दुकानाचं नाव — वडिलांच्या हातचं अक्षर आहे हो, त्याचं चित्र करून घातलंय, वीज आली की पडद्यावर पहिलं तेच. चित्र जागा खातं. आणि दुसरी, ती आपली — तपासणी. प्रोग्राम पुरता उतरलाय की अर्धवट, ते बघायचं. अर्धवट असला तर त्याच्या हाती काही द्यायचं नाही, नवा मागून घ्यायचा. नाहीतर डबी जागच्या जागी थिजते, असं तिचं म्हणणं. आता तुम्हीच सांगा, नेमकी उतरतानाच वीज कितीदा जाणार? ती म्हणाली, बाबा, एकदा गेली तरी पुरे. मी म्हटलं, बिननावाचा माल या दुकानातून जाणार नाही. ताट तसंच ठेवून उठली.

कुठली ठेवली? अहो, ते सोडा, पडदा बघा किती लख्ख — तुम्ही उठलात का? सगळ्या फ्रिजांची ऑर्डर आहे, सावकाश बघा ना — वायर पायात येतेय का, मी सरकवतो — ती पिन नको, मॅडम, अजून लुकलुकतोय तो, मॅडम —

काढलीत. बरं. हरकत नाही. लावा परत.

आलं. नाव आलं, बघा. ठसठशीत. वडिलांचा हात असाच वळायचा. आता नाव जाईल आणि तापमान येईल. येतं. जरा दम धरावा लागतो त्याला... नाव छान दिसतंय ना?

काही नाही गं, सूनबाई. तू आतच थांब.

चहा गार झाला, मॅडम. दुसरा सांगतो.