सोजराच्या हातची पेज

भोरच्या दवाखान्याच्या ओसरीवर रांगेत माझ्यापुढं बहीणभाऊ बसले होते. त्यांचे वडील समोर झाडाखाली बैलगाडीत पडून होते.

"सोजराक्का, आबांच्या आतड्यात गाठ हाय. रगत त्येचंच पडतंय."

"पुण्याला कापून काढत्यात की."

"लई पसरलीया म्हणं डागदर. आता कापून उपेग न्हाई."

"आबांना सांगितलंस?"

"न्हाई. मूळव्याध हाय म्हणलो."

"मग गावाकडं पासलीला नगं नेऊ, लांब पडतंय. गाडी किकवीला माज्या घरी घे."

"आबा तुज्या घरचं पाणी तरी घेत्यात का? लेकीला मूल हुईस्तवर तिच्या घरचं खायाचं न्हाई म्हणत्यात."

"मला सांगतूस व्हय? इतकी वर्सं येत्यात, अंगणात बसत्यात, घरनं आणलेली भाकर सोडत्यात. म्या आपली दारात हुबी. येक डाव माज्या हातचं खावं, येवढंच वाटायचं."

"आक्का, मगाशी आबाच म्हणले."

"काय?"

"आज सोजराकडं उतरू. तिला म्हणावं तांदळाची पेज कर, मीठ जरा जास्त घाल."

सोजरानं झाडाखालच्या गाडीकडं पाहिलं.

"हैबती, तू मूळव्याधच म्हणलास न्हवं?"

"तुजी आण, आक्का."

"मग जा, सांग त्यास्नी. सोजरा पेज देत न्हाई म्हणावं. अजून लई वर्सं तुमी अंगणातच बसून घरची भाकर खायची, म्हणावं."