जिभेवरचा साबण

(सिल्वासा, १९६३. सामरवरणीच्या रस्त्यावरचा साबणाचा कारखाना. कढईखाली जाळ नाही.)

कुसुम : कच्चा म्हणून सांग, सदुभाऊ. जिभेला लावायचा, थू करायचं नि म्हणायचं कच्चा. येवढंच!

सदाशिव : चाखायच्या आधीच?

कुसुम : चाखून काय करतोस? वापीकडून आलेला हा साबण तू पास केलास की शेठ त्याच्यावर आपला शिक्का मारून विकणार. कढई बंद. शिक्के मारायला दोन बाया पुरतात. आम्ही चौदा जणी हाव. बाकीच्या बारा जणींनी काय गवत कापायचं?

सदाशिव : आणि मी? साबणात खार उरला का ते अकरा वर्सं चाखून जीभ करपली माझी, आता खारच तेवढा कळतो. डाळीत मीठ हाय का नाय, ते बायकोला विचारतो. मला दुसरीकडं कोण ठेवील?

कुसुम : म्हणून तर सांगते!

श्रीकांत : झालं का कुजबुजून? ही घे वडी, सदाशिव. शेठना आजच कळवायचंय.

सदाशिव : कारकूनसाहेब, हद्दीच्या नाक्यावर जकात होती तवर हा माल इथं का येत नव्हता?

श्रीकांत : महाग पडायचा. पण जकात काढा म्हणून अर्ज कोणी केला? तुम्हीच अंगठे उठवलेत.

कुसुम : तुम्ही वाचून दाखवलंत त्यावर उठवले! म्हणे, आपला साबण वापीला जाईल, बलसाडला जाईल. गेला का?

श्रीकांत : एक गाडी गेली होती.

सदाशिव : नि भरलेलीच परत आली. आम्ही आठवडाभर घोटतो तेवढा तिकडं मशीन तासात काढतं. दहा वर्सांचं पोर पैलवानापुढं उभं केलंत, नि वर म्हणता, आखाडा दोघांना सारखाच!

श्रीकांत : मला कशाला ऐकवतोस? मी हुकमाचा नोकर. चाख.

कुसुम : सदुभाऊ...

सदाशिव : थू! कच्चा हाय. नुसता खार. बायांचे हात सोलून निघतील.

श्रीकांत : नक्की? माझ्या घरी महिनाभर ह्यानंच धुतात.

कुसुम : मग वहिनींचे हात बघा एकदा! कधी बघितलेत?

श्रीकांत : लिहू मग? कच्चा?

सदाशिव : लिहा.

श्रीकांत : लिहिलं. आता सुरतेचा मागवावा लागेल. हा नापास झाला तर तो घ्या, असं शेठनी सांगून ठेवलंय.

कुसुम : म्हंजे? कढई नाय पेटायची?

श्रीकांत : कढई सकाळीच विकली, कुसुमबाई. भंगारवाला परवा न्यायला येतोय. तुम्हाला सांगायचं तेवढं माझ्या गळ्यात घातलंय.

कुसुम : मग ह्याला चाखायला कशाला लावलंत, मेल्यांनो?

श्रीकांत : शिक्का आपलाच लागणार ना. लोक सदाशिवच्या हातचा म्हणून घेतात. माल बरा हवा.

सदाशिव : साहेब, ते खोडा.

श्रीकांत : काय खोडू?

सदाशिव : कच्चा खोडा. साबण चांगला हाय. आमच्याहून चांगला.