माह्या गाठीची मुखत्यारी

थू!... थुंकू द्या हो, त्याबिगर तोंड साफ होत नाई. अन् म्हने अक्कलहुशारीनं! तुमाले सांगतो, मान माही, मानेवरची गाठ माही, लिंबाएवढी, बारा वर्सापासून पोसलेली, अन् ते काढाची का ठेवाची हे ठरोनार कोन? तं जवाई! काहून? तं म्हने कागद हाय!

कागद कसला ते ऐका. औंदा तिकडं अमेरिकेत गोऱ्यागोऱ्यात लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला, अन् इकडं वऱ्हाडात कापसाले असा भाव चढला का लोकं गाद्या उसवून कापूस इकून राह्यले. अन् मी पुंजाराम, बार्शीटाकळीचा, नेमका तवाच हिवतापानं आडवा! जवाई, म्हनजे जयवंता, म्हनते, "मामाजी, मुखत्यारी लिवून द्या, मी अकोल्यात गाठी इकून येतो." वाहेद मुनशी आला, कानावर कलम, अन् त्यानं लिवलं, "मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून देतो की, माझ्या ज्या काही गाठी असतील त्या काढणे, तोलणे, विकणे, सर्व अखत्यार जावयास आहे." म्या अंगठा ठोकला. कापसाच्याच गाठी ना हो? का मानेच्या?

गाठी इकल्या, ताप उतरला, झकास! पन आमची सुभद्रा, घरवाली, ते पोरीच्या कानाले लागली, "तुह्या बाची गाठ पाहून मले घास गियत नाई वं." झालं! जवायानं छकडा जुंपला अन् मले या दवाखान्यात आनलं. डागदर मद्रासकडचा, म्हनते, "काटना पडेगा."

म्या म्हटलं, "नाई कापाची."

"क्यूं?"

"माही हाय म्हनून!"

डागदर जवायाले पुसते, "बुढ्ढा होश में है क्या?" अन् जवायानं कागद काढला! मुनशी संगच आलता, त्यानं वाचून दाखोला, "ज्या काही गाठी असतील त्या काढणे..."

"अबे मुनशी, त्या कापसाच्या!"

"कागदात कापूस कुठी हाय, पुंजाराम?"

खरंच नव्हता हो! अख्ख्या कागदात कापूस नाई, अन् म्हने अक्कलहुशारीनं! म्या म्हटलं, "लेका, अक्कलहुशारीनं लिवलं ना म्या? मंग मले अक्कल हाय ना?" मुनशी म्हनते, "ते अक्कल त्या दिवशीची. आजची कोनी लिवली?" अन् डागदरानं सरकारी वहीत टिपून घेतलं, मरीज पुंजाराम, अक्कल नाही. तिकडं चाकू निंगला, इकडं मी पयालो, धोतर हातात धरून!

त्याच दिशी मुनशीले गाठलं, मुखत्यारी रद्द केली. अक्कलहुशारीनं दोनदा लिवाले लावलं.

अन् चौथ्या दिशी गाठ पिकली. आता मान वयत नाई, पानी गियत नाई, अंगात ताप. माहा चुलतभाऊ सहदेव अशाच गाठीनं आठ दिवसांत गेला... भेव वाटलं हो, खोटं काहून बोलू? आज सोताच्या पायानं आलो. म्हटलं, "काप बाप्पा!"

डागदरानं वही उघडली. "पागल का हां नहीं चलता. मुखत्यार को लाव."

जवायाले म्हटलं, "हो म्हन ना बाप्पा." तं थो म्हनते, "मामाजी, कागद तं तुमीच रद्द केला! आता मी कोन?" मुनशीले म्हटलं, नवा लिव. तं म्हनते, "रद्द कराले अक्कल लागत नाई, नवा लिवाले लागते. वहीत अक्कल नाई लिवेल मानसाचा अंगठा मी कसा घेऊ?" थू! हेच का या लोकायची अक्कलहुशारी? मान माही, पू माहा, ठनका माहा, अन् हो म्हनाले मीच चालत नाई!

मंग बसलो या ओट्यावर तुमच्यात, अन् इचार केला. माह्या ‘हो’ले किंमत नाई. ‘नाई’ले बी नव्हती. पन नाई म्हटलं तवाच तं चाकू निंगला होता! म्हनून आता डागदर भाईर आला का मी बोंबलनार हाव, "नाई कापाची! मेलो तरी नाई कापाची!"

तुमी चार जन फक्त मले घट्ट धरून ठेवजा... चाकू पाहून मी अजून बी पयतो.