मेले का रे जंतू?

...नाही, तुम्हीच सांगा, लसणानं जंतू मरतात की नाही? आजवर कुणी नाही म्हटलंय? मग हा लसूण मलाच का नडला हो! तुम्हाला सांगतो, आठ महिने झाले, शिळ्या अन्नात वाढून पोट बिघडवणारे जंतू लसणाच्या अर्कानं मरतात, एवढंच प्रयोगशाळेत सिद्ध करायचंय, त्यावर माझी पदवी, पदवीवर नोकरी... आणि लसूण सोलतंय कोण? आई! रोज अर्धा किलो! नखं पिवळी पडली बिचारीची, बोटांची आग होते, शेजारीण दारातूनच बोलते, आणि मी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "मेले का रे जंतू?" मी ऐटीत, "मेले गं!"

आणि मरत होते हो, खोटं कशाला बोलू! लसूण वाटायचा, अल्कोहोलमध्ये भिजवायचा, गाळायचा, त्यात कागदाची टिकली बुडवायची आणि जंतू पेरलेल्या काचेच्या बशीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती हा एवढा स्वच्छ गोल, जंतू औषधालाही नाही! मार्गदर्शक बाईंनी दोनदा पाठ थोपटली.

आणि परवा, प्रबंध द्यायला बारा दिवस उरलेले, बाई चष्मा कपाळावर चढवून अगदी गोड आवाजात, "नुसत्या अल्कोहोलची टिकली कुठंय?" आता ती तुलनेला शेजारी ठेवायचीच असते, मला काय माहीत नाही? पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या ठेवू. मग रोजच उद्या! ठेवली एकदाची. काल बघतो तर तिच्याभोवतीही तेवढाच गोल! बाई म्हणतात, "टिकल्या वाळवून ठेवत होतात ना?" वाळवून? घाईत कोण वाळवतंय! ओल्याच चिकटवत होतो! म्हणजे आठ महिने जंतू मारले कुणी? अल्कोहोलनं! लसूण आपला नुसता वासाला!

मग काल अर्काची टिकली नीट वाळवून ठेवली. आज सकाळी बशी उघडली... अहो, टिकलीला खेटून बसलेत! आमच्या घरात कुणाला मानवला नाही तो लसूण त्यांना मानवलाय! रडू यायचं बाकी होतं.

घरी आलो. आई जमिनीवर बसलेली, पुढ्यात सालींचा ढीग, दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. मान वर न करता, "मेले का रे जंतू?"

काय सांगू हो? तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं, "उद्याला पुरेल ना एवढा?"

म्हटलं, "मेले गं आई... पण अजून थोडा सोल."