जावईबापूंचं अक्षर

वहिनी: नाही भावजी, या यंत्राच्या सांध्यात चौथं पॉट मी लावणार नाही. तीन बदलून झाली.

भावजी: मग एकदम पाचवं लावा. चौथं अपशकुनी असेल.

वहिनी: पार्ट्सच्या दुकानात गेले की तो माणूस विचारतो, "या, आज कोणता सांधा दुखतोय?"

भावजी: स्वस्तातले घेतले की सांधे दुखणारच. तीन महिने झाले, हे जावईबापू तुमच्या टेबलावर बसून आहेत. वीज खातात, तेल पितात, आणि काम सांगितलं की अंगाला कापरं भरतं.

वहिनी: यंत्राच्या हाताला जावईबापू नाव तुम्हीच ठेवलंत.

भावजी: लक्षणं बघून ठेवलं.

वहिनी: काम तरी किती अवघड सांगितलंय? तुम्ही त्याचा हात धरून अक्षर काढायचं. सांध्यातली पॉटं, म्हणजे रेडिओचा आवाज वाढवायची चकती असते ना, तसलीच, ती प्रत्येक वळण टिपणार. सेकंदाला पन्नास वेळा. मग यानं एकट्यानं तेच अक्षर काढायचं. आणि काढलंय काय? बघा हा कागद. आमच्या क्लबचं नाव, 'खटपट मंडळ'.

भावजी: खटपट दिसतेय की. मंडळ तेवढं दिसत नाही.

वहिनी: उखडलेल्या रस्त्यावर बसमध्ये बसून लिहिल्यासारखं आलंय. उद्या पाच क्लबांसमोर हेच काढायचं? मी सांगून बसलेय सगळ्यांना. म्हटलं, या शहरातल्या निम्म्या पाट्या ज्यानं रंगवल्या, त्या आमच्या दिराचा हात यंत्रानं जसाच्या तसा उचललाय.

भावजी: घाबरत असेल बिचारा. तुमच्यासमोर मीही कापतो.

वहिनी: कापता खरे.

भावजी: म्हणजे?

वहिनी: काही नाही. 'दीर माझा गं चितारी, बोटं त्याची गं सोन्याची. त्याला दोष कोण देई? चूक सगळी यंत्राची!'

भावजी: वा! जात्यावर बसायचं सोडून सोल्डरिंगला कशाला बसलात?

वहिनी: जातं बोलत नाही. हे यंत्र बोलतं. भावजी, बुधवारी मी याचा हात क्लँपनं टेबलाला आवळून टाकला आणि तासभर पॉटचे आकडे बघत बसले. पाचशे बारा. पाचशे बारा. पाचशे बारा. एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही.

भावजी: बांधून घातल्यावर कोणीही गप्प बसतं. आमच्या दादाला विचारा.

वहिनी: विचारलं. तुमच्या दादांकडूनही 'खटपट मंडळ' काढून घेतलं.

भावजी: अरे देवा. दादाचं अक्षर?

वहिनी: कोंबडीचे पाय. पण पाय रोवून उभी राहिलेली कोंबडी. जरा हलली नाही. माझंही काढलं. दिसायला भिकार, पण रेघ सरळ.

भावजी: तुम्ही दोघं दाबून धरत असाल. मी हलक्या हातानं धरतो. ब्रशची सवय आहे मला.

वहिनी: स्क्रीनकडे बघा. ही तुमच्या 'ख'वरची आडवी रेघ. पॉट खराब असलं की आकडे वेडेवाकडे उड्या मारतात, कधी वर, कधी खाली, काही ताळतंत्र नसतं. इथे ताळतंत्र आहे. या एका सेकंदात किती लाटा आहेत मोजा.

भावजी: पाच.

वहिनी: पुढच्या?

भावजी: …पाच.

वहिनी: त्याच्याही पुढच्या मोजायच्या?

भावजी: नको. चहाडखोर आहे तुमचा जावई.

वहिनी: चहाडी नाही करत तो. दाखवाल तेवढं करतो. मन राखायला कोणी शिकवलेलं नाही त्याला.

भावजी: बुधवारी कळलं तुम्हाला. आज शनिवार. तीन दिवस मला पॉटला शिव्या घालू दिल्यात?

वहिनी: आणि तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?

भावजी: मला? मला कुठे ठाऊक आहे! थंडी सरता सरता एक रेघ हलली. म्हटलं, ब्रशचे केस झडले. नवा ब्रश आणला. मग वाटलं, शिडी डुगडुगते. शिडीला पाचर ठोकली. त्यानंतर भिंतच हलते असं म्हणणार होतो, पण भिंत बँकेची होती. कोणी ऐकलं नसतं.

वहिनी: मग पॉट सापडलं.

भावजी: मग पॉट सापडलं. फार बरं वाटलं हो वहिनी, हे तीन महिने. रोज इथे यायचं, आणि दोष रोज दुसऱ्या कुणाचा तरी निघायचा.

वहिनी: काम कसं करता मग?

भावजी: डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवतो. हातभर उंचीची अक्षरं अजून जमतात. बारीक काम आलं की "वेळ नाही" म्हणून सांगतो. माझ्याइतका कामात बुडालेला रिकामा माणूस दुसरा नसेल. दादाला मात्र यातलं काही बोलू नका.

वहिनी: मी काय बोलणार? बुधवारी मी मोठ्या थाटात त्यांना ह्या लाटा दाखवायला गेले, तर म्हणाले, "तुला आत्ता कळलं?" गेले दोन महिने ते तुमचा चहाचा कप अर्धाच भरतात, भावजी.

भावजी: मला वाटलं, दूध महागलं.

वहिनी: मंगळवारी अकराची वेळ घेतलीय डॉक्टरांची. दादा बरोबर येणार आहेत. उगाच कामं काढून बसू नका.

भावजी: डॉक्टर पॉट बदलून देतात का?

वहिनी: विचारू की. स्वस्तातलं नको म्हणून सांगू.

भावजी: आणि तुमचा रविवार?

वहिनी: त्याची सोय करून ठेवलीय. प्रत्येक दहा आकड्यांची सरासरी काढायची आणि तेवढीच याला द्यायची. लाट आपोआप पुसली जाते. थांबा, काढून दाखवते… हं. बघा. एक तरी रेघ हलतेय?

भावजी: नाही. गुळगुळीत आहे.

वहिनी: मग तोंड असं का?

भावजी: 'ख'चं टोक कुठे गेलं? 'ट'चं पोट भरून झालं की मी ब्रश झटकन उचलतो, तिथे एक नखाएवढी शेपटी येते. ती कुठेय?

वहिनी: सरासरीत गेली. कापरं कोणतं आणि झटका कोणता, ते याला कळत नाही. दोन्ही पुसतो.

भावजी: मग हे माझं अक्षर नाही, वहिनी. साबणाच्या वडीवर कंपनीचं नाव असतं ना, चार अंघोळींनंतरचं, तसं दिसतंय.

वहिनी: मग काय करू? कापरं तसंच ठेवून उद्या सगळ्यांना दाखवू?

भावजी: उद्या दादाची कोंबडी दाखवा. लोक हसतील, क्लबला चार सभासद वाढतील.

वहिनी: आणि मी मारलेल्या बढाया?

भावजी: त्या काय, तुम्ही नव्या माराल. मला एक सांगा, ह्याच्या डोक्यात अक्षरं किती मावतात?

वहिनी: मेमरी कार्ड लावलं तर हजारो.

भावजी: आणि कापरं तेवढं पुसायचं, झटका ठेवायचा, असं करता येतं कुणाला?

वहिनी: येत असेल कुणाला तरी. मला आज येत नाही. शिकावं लागेल. सहा महिने लागतील, कदाचित वर्ष.

भावजी: लागू दे. पण ते मागाहून करता येईल ना? आज भरून ठेवलेल्या अक्षरांवर?

वहिनी: येईल. अक्षरं मात्र भरलेली हवीत. जे याला कधी दाखवलंच नाही, ते मी कुठून आणणार?

भावजी: हो. ते कुठून आणणार.

वहिनी: भावजी…

भावजी: सकाळी हात बरा असतो माझा. दहापर्यंत. किती वाजले?

वहिनी: सव्वाआठ. पण तुम्ही बँकेच्या कामावर निघाला होतात ना?

भावजी: बँकेची भिंत कुठे पळून जातेय? ती खुर्ची ओढा इकडे. टेकायला ते जाड पुस्तक द्या. तुमची ती सरासरी बंद करा आधी. आहे तसं भरू दे.

वहिनी: केली बंद. कार्ड घातलं. ओळीनं जाऊ या? 'अ'पासून लावते.

भावजी: 'अ' नको. अवघड आधी घेऊ. 'क्ष' लावा, मग 'ज्ञ', मग 'ळ'. 'ग', 'म', 'न' ही साधी मंडळी आहेत, वहिनी. ती थांबतील थोडे दिवस.